आराखड्यातली एक ओळ

उत्तरा खांबेटेने चौतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांचं भाषांतर केलं. दिल्लीत एका मंत्रालयाच्या हिंदी विभागात बसून तिने पाण्याचे, जंगलांचे, रस्त्यांचे, कुपोषणाचे किती अहवाल इंग्रजीतून हिंदीत आणले असतील, त्याला गणती नाही. त्यातलं एक वाक्यही तिचं स्वतःचं नव्हतं. म्हणून नोएडातल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजित भल्ला घरी येऊन म्हणाले, "मॅडम, ये प्लान तो आप ही लिखेंगी," तेव्हा पासष्टीतल्या त्या बाईला असा काही आनंद झाला, की तो लपवायला तिला चहाचा कप तोंडासमोर धरावा लागला.

एक संस्था जुन्या सोसायट्यांना मदत द्यायला निघाली होती. गच्चीवर सौर पॅनल, सांडपाणी शुद्ध करून बागेला, ओल्या कचऱ्याचं खत. अट एकच, सोसायटीने आपला पाच वर्षांचा आराखडा द्यायचा आणि त्यात पर्यावरण, अर्थकारण आणि समाज या तिन्हींचा मेळ घालून दाखवायचा. उत्तराने डायनिंग टेबलावर मोठा कागद पसरला आणि पट्टीने तीन रकाने आखले.

समोर श्रीरंगराव बसलेले असत. तिचे यजमान. नाकाला ऑक्सिजनची नळी, शेजारी घरघरणारं यंत्र, हातात लाल पेन. रोज सकाळी ती लिहील ते ते वाचायचे.

"समाजाच्या रकान्यात फारच कमी लिहिलंयस गं."

"काय लिहायचं त्यात? होळी, गणपती, लोहडी. झालं."

"एवढाच का आपला समाज?" ते हसायचे, आणि हसता हसता खोकला यायचा. मग दोघंही आराखडा विसरून खोकला थांबायची वाट बघायची.

त्यांची फुप्फुसं चार वर्षांपासून साथ सोडत चालली होती. लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून दोघं इथे आली तेव्हा ते सेक्टराला दोन फेऱ्या मारून दूध घेऊन येत. आता बेडरूमपासून बाल्कनीपर्यंत जायचं म्हटलं तरी मध्ये खुर्ची ठेवलेली होती. डॉक्टर दर वेळी एकच सांगत, धूर टाळा. दिल्लीत राहणाऱ्या माणसाला धूर टाळा म्हणायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. बेडरूमच्या खिडकीखाली कडुनिंब, आणि निंबाखाली रामरतीचं इस्त्रीचं टेबल. रामरती हरदोईची. बावीस वर्षं ती त्या झाडाखाली उभी होती. सोसायटीच्या भिंतींना दुसरा रंग लागायच्या आधीपासून. सकाळी साडेसातला ती लोखंडी इस्त्रीत कोळसे पेटवायची, आणि पहिली पंधरा मिनिटं त्याचा धूर सरळ वर यायचा.

श्रीरंगरावांची आणि तिची दोस्ती जुनी होती. चालता येत होतं तोवर ते स्वतः शर्ट घेऊन खाली जायचे आणि अर्धा अर्धा तास टेबलापाशी उभे राहायचे. त्यांचं हिंदी पस्तीस वर्षांनंतरही साताऱ्याचंच होतं. शब्द अडला की ते बिनधास्त मराठी ठोकून द्यायचे. "ये शर्ट पूरा चुरगळ गया है," असं ते एकदा म्हणाले, तेव्हापासून रामरती अख्ख्या सोसायटीला "ये तो चुरगळ गया, भाभीजी" असं ऐकवत होती. त्यांची मुलगी अर्पिता दिल्लीत वाढलेली, गुडगावला नोकरी करणारी. तिला एकदा उत्तराने "ओढणी चुरगळलीय बघ" म्हटलं तर ती म्हणाली, "म्हणजे?" आणि खाली हरदोईची बाई तो शब्द दिवसातून दहा वेळा वापरत होती. श्रीरंगरावांना याचं कोण कौतुक.

त्या सप्टेंबरात एका दुपारी ते झोपले होते. झोपेत छाती कशी वर उचलली जातेय, ते उत्तरा दारातून बघत राहिली. मग ती टेबलाशी आली आणि पर्यावरणाच्या रकान्यात तिने शेवटची ओळ लिहिली. 'सोसायटीच्या आवारात कोळसा, लाकूड अथवा कोणत्याही प्रकारचा उघडा जाळ वापरता येणार नाही.' हात अडखळला नाही. वाक्य नेटकं होतं आणि पूर्णपणे तिचं होतं. ती ओळ तेवढी तिने यजमानांना वाचायला दिली नाही.

आराखडा मंजूर झाला. त्याची छापील प्रत घरोघर वाटली गेली. आपल्या घरची प्रत उत्तराने टेबलक्लॉथच्या खणात घालून ठेवली.

दोन दिवसांनी रामरती वर आली. हात पदराला पुसत दारातच उभी राहिली.

"आंटीजी, कमेटी वाले कह रहे हैं कोयला बंद. मैंने कहा बिजली की इस्त्री ले आऊँगी, तो बोले यहाँ कनेक्शन नहीं मिलेगा. आप लिखना-पढ़ना जानती हो. एक चिट्ठी लिख दो ना."

"देखती हूँ," उत्तरा म्हणाली.

तेवढंच. मी लिहिलंय ते, असं ती म्हणू शकली नाही. आत यंत्र घरघरत होतं, आणि तिला वाटलं, ह्या घरघरीपुढे मला कुणाला काही सांगायची गरज नाही. पुढच्या सोमवारी निंबाखाली टेबल नव्हतं. नुसती काळवंडलेली माती आणि चार विटा.

"रामरती दिसत नाही गं," श्रीरंगरावांनी विचारलं.

"गावाला गेलीय. भाचीचं लग्न आहे."

लग्न एवढे दिवस चालत नाही म्हणून मग तिने रामरतीच्या सासूला आजारी पाडलं, मग गावाकडचं घर पाडलं. दर सोमवारी ते विचारायचे, आणि ऐकून "अच्छा" म्हणायचे. आपले दोन शर्ट मात्र त्यांनी खुर्चीवर तसेच ठेवून दिले होते. "राहू देत. ती आल्यावर देऊ."

त्या नोव्हेंबरात आकाश असं तांबूस-करडं झालं, की समोरचा ब्लॉक दिसेना. यमुनेच्या अलीकडे-पलीकडे, गाझियाबादपासून गुडगावपर्यंत एकच झाकण बसल्यासारखं. उत्तराने खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. एक इस्त्री विझली होती, आणि हवेला त्याचा पत्ताही नव्हता. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी चहा पिता पिता, श्रीरंगरावांनी कप बशीत नीट ठेवला आणि मान खुर्चीच्या पाठीला टेकवली. ती पुन्हा उचलली नाही.

पुढचे महिने कसे गेले ते उत्तराला सांगता आलं नसतं. सौर पॅनल बसले. खताचा खड्डा सुरू झाला. निंबाखाली सिमेंट ओतून दोन गाड्यांची जागा आखली गेली. इस्त्रीचे कपडे आता फोनवरून मागवलेला माणूस न्यायचा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायचा. अर्पिता शनिवारी यायची, फ्रिज भरून जायची. "आई, तू गुडगावला चल ना यार," म्हणायची. उत्तरा नको म्हणायची. या घरात निदान त्यांची खुर्ची तरी होती.

तिला आठवण यायची ती मोठमोठ्या प्रसंगांची नाही. कुणाशी तरी त्यांच्याबद्दल अगदी क्षुल्लक बोलावं, असं वाटायचं. ते कडीपत्ता ताटाच्या कडेला कसा लावून ठेवायचे, शेजारच्या सरदारजींच्या कुत्र्याला मराठीत कसे रागवायचे. अर्पिताला बाबा माहीत होते, पण ते घरातले बाबा. खाली, निंबाखाली अर्धा तास उभे राहून ते काय बोलायचे, कशाला हसायचे, ते फक्त एकाच माणसाला माहीत होतं. आणि त्या माणसाला उत्तराने स्वतःच्या हाताने घालवलं होतं.

मग ऑगस्टमध्ये सरलाताई पडल्या.

सरलाताई कर्णिक तळमजल्यावर एकट्या राहायच्या. वय एक्याऐंशी. सकाळी नऊला न्हाणीघरात पाय घसरला आणि दुपारी चारला जेवणाचा डबा देणाऱ्याने बेल वाजवून वाजवून शेवटी वॉचमनला बोलावलं. सात तास त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. खुबा मोडला होता. उत्तरा हॉस्पिटलात भेटायला गेली तेव्हा त्या तिचा हात धरून म्हणाल्या, "रामरती असती ना, तर साडेनऊला खिडकीवर थाप मारली असती. माझं दार नाही उघडलं तर ती रोज मारायची. मी चिडायची तिच्यावर. म्हणायची, मेलेय का बघतेस?"

उत्तरा घरी आली, खुर्चीत बसली. आराखड्याचा तिसरा रकाना तिच्या डोळ्यांपुढे आला. होळी, गणपती, लोहडी.

रामरतीचा नंबर तिच्याकडे नव्हता. तो श्रीरंगरावांच्या फोनमध्ये असणार. तो फोन तिने फेब्रुवारीत बंद करून कपाटात, त्यांच्या मफलरींखाली ठेवला होता. तो चालू करणं तिच्या जिवावर आलं, पण तिने केला. चार्जिंग होईपर्यंत ती शेजारीच बसून राहिली. नंबर सापडला, 'रामरती इस्त्री'. त्या नावावर बोट टेकताच खाली जुन्या फोनची यादी उघडली.

नऊ फोन होते. सगळे इथूनच लावलेले. पहिला नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारचा, शेवटचा जानेवारीतल्या, ते जायच्या आधीच्या रविवारचा. प्रत्येक वेळी सकाळी अकरा-सव्वाअकराची वेळ. एक बारा मिनिटांचा, एक नऊ, एक सतरा मिनिटांचा.

रविवारी अकराला उत्तरा कमिटीच्या मीटिंगला जायची.

ती जिला गावाला पाठवून बसली होती, तिच्याशी हा माणूस जवळजवळ दर रविवारी बोलत होता. म्हणजे त्यांना माहीत होतं. काय काय माहीत होतं? आणि मग सोमवारी सकाळी "रामरतीचं काही कळलं का गं?" असं ते का विचारायचे?

फोन लावायचा धीर तिला दोन दिवस झाला नाही. तिसऱ्या दिवशी लावला. रामरतीने आवाज ओळखला, पण फार बोलली नाही. एका कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागलेय म्हणाली, एक वाजता जेवणाची सुट्टी, गेटवर या.

सेक्टर एकोणसाठच्या मेट्रोतून उतरून उत्तराने ई-रिक्षा केली. गेटबाहेर बायकांचे घोळके डबे उघडून फूटपाथवर बसले होते. रामरती एकटीच उभी होती. निळा ॲप्रन, गळ्यात ओळखपत्र, केस जाळीत बांधलेले. उत्तराला ती उंच वाटली. मग लक्षात आलं, हिला आपण कायम टेबलावर वाकलेलीच पाहिलंय.

"बैठो, आंटीजी." तिने कठड्यावर रुमाल पसरला.

उत्तरा बसली. येताना मनात जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. "रामरती, वो कोयले वाली बात... वो मैंने लिखी थी," एवढंच ती म्हणाली.

"मालूम है."

"साहब ने बताया?"

रामरतीने डबा उघडला, एक पोळी तिच्या हातात दिली आणि सांगू लागली. पहिल्या फोनला साहेबांनी विचारलं होतं, गावाला सगळं ठीक ना, लग्न झालं ना भाचीचं? ती म्हणाली, कसलं लग्न साहेब, कुठलं गाव? मी तर इथेच, खोडा वस्तीत भाड्याच्या खोलीत आहे, काम शोधतेय. त्यावर फोनात यंत्राचा आवाज तेवढा येत राहिला. मग म्हणाले, खणात कागद आहे, मी वाचलाय तो. माझी बायको मला दाखवत नाही, म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं वाटून वाचला.

"फिर बोले, रामरती, वो लाइन उसने लिखी है, पर वजह मैं हूँ. गुस्सा करना है तो मुझ पर करो. वो डर गई है."

उत्तराच्या हातातली पोळी तशीच राहिली. रस्त्यावरून कंटेनर गेला, धूळ उडाली, रामरतीने डब्यावर हात धरला.

"तुम्हें गुस्सा नहीं आया?"

"आया. बहुत आया. अभी भी थोड़ा है, आंटीजी, झूठ क्यों बोलूँ." ती शांतपणे चावत होती. "चिट्ठी माँगने आई थी मैं आपसे. आपने कहा देखती हूँ. वो बुरा लगा. कोयले का उतना नहीं. उनकी साँस तो मैंने भी देखी है."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" उत्तरा मराठीतच बोलून गेली. रामरतीला ते कळलं.

"मैंने कहा था, आंटीजी को बता दो कि आपको पता है. बोले, नहीं, उसको शरम आएगी. खुद बताएगी एक दिन. रुको."

एक दिवस. उत्तराला ते सगळे सोमवार आठवले. रामरतीचं काही कळलं का गं. म्हणजे ते दार उघडून धरत होते. दर आठवड्याला. आणि ती दर आठवड्याला एक नवं कारण रचून ते लोटून देत होती. त्यांच्याजवळ दिवस किती उरलेत हे दोघांनाही ठाऊक असताना.

भोंगा झाला. रामरतीने डबा बांधला. उत्तराने घाईघाईने विचारलं, निंबाखाली पुन्हा जागा मिळाली, विजेची इस्त्री, स्वतंत्र मीटर, तर येशील? रामरती हसली. "पहले मिले तो," म्हणाली आणि गेटातून आत गेली.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आराखड्याचा वार्षिक आढावा होता. क्लबहाऊसमध्ये तीसेक माणसं जमली. भल्लाजी बँकेतून निवृत्त झालेले, नेमस्त गृहस्थ; त्यांनी पडद्यावर तक्ते दाखवले. वीज किती वाचली, कचरा किती कमी झाला. टाळ्या झाल्या. मग उत्तरा उठली आणि म्हणाली, की तिला तिसऱ्या रकान्यात दुरुस्ती मांडायची आहे.

निंबाखालच्या दोन गाड्यांच्या जागा काढून तिथे इस्त्रीचं टेबल, वर पत्रा, विजेचं कनेक्शन. कोळसा नाही. पण माणूस हवा.

भल्लाजींनी शांतपणे अडचणी सांगितल्या. पार्किंगसाठी आधीच भांडणं आहेत. कायमची जागा दिली की उद्या हक्क सांगितला जाईल. शॉर्टसर्किट झालं तर जबाबदार कोण? आणि कपडे तर ॲपवरून होतच आहेत. त्यांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. उत्तराने आयुष्यभर असेच मुद्दे भाषांतरित केले होते; तिला त्यांचं वजन ठाऊक होतं.

"भल्लाजी, कोळशाची ओळ माझी होती," ती म्हणाली. हिंदीत बोलत होती, पण आवाज घरातला होता. "माझ्या नवऱ्याला श्वास घेता येत नव्हता म्हणून मी ती लिहिली. ती चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. पण बिजलीची इस्त्री चालेल का, हे लिहिणं माझ्याच हातात होतं, आणि मी नाही लिहिलं. मला धूर जायला हवा होता. धुराबरोबर कोण जातंय, तिकडे मी बघितलं नाही. आपण तीन रकाने भरले, आणि तिसऱ्यात सण लिहिले. सरलाताई सात तास पडून होत्या, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"

मागच्या रांगेत वॉकर धरून बसलेल्या सरलाताई मोठ्याने म्हणाल्या, "मेरे नाम से लिखो."

कुणीतरी हसलं, आणि खोली जरा सैल झाली. तरी वाद तासभर चालला. एकाने आपली गाडी लागते ती जागा सोडणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, मुलगी शाळेतून येते तेव्हा मी ऑफिसात असते, पूर्वी चावी रामरतीकडे असायची. शेवटी हात वर झाले. सतरा विरुद्ध बारा. एकच जागा काढायची, दोन नाही. आणि मीटर सोसायटीच्या नावे. भल्लाजींनी स्वतःच्या हाताने ते टिपून घेतलं आणि जाताना उत्तराला म्हणाले, "पूछ लीजिए उससे. मैंने उसको निकालते वक़्त आँख नहीं मिलाई थी."

रामरती नाही म्हणाली.

पत्रा आणि मीटर बसल्यावर ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती सोसायटीत आली, झाडाखालचा पत्रा बघितला, स्विच दाबून बघितला, सरलाताईंना भेटली. मग वर येऊन उत्तराला तिने सरळ सांगितलं. कारखान्यात पंखा आहे. महिन्याचा पगार आहे, रविवार मोकळा असतो, आजारपणाचं कार्ड आहे. बावीस वर्षं उन्हात कोळसा फुंकून डोळे खराब झाले होते, ते आता कुठे बरे वाटतायत. "नीम के नीचे अच्छा था, आंटीजी. याद आता है. पर लौटूँगी नहीं." जागा तिने आपल्या भावजयीसाठी मागून घेतली. फूलमती तिचं नाव. चलाख, तरुण, कानात गाणी लावून काम करणारी. कपडे झकास करायची. सरलाताईंच्या खिडकीवर मात्र तिने आपणहून कधी थाप मारली नसती. उत्तराने तिला सांगितलं, दोनदा सांगितलं, तेव्हा ती मान हलवून मारू लागली, कामाचा भाग म्हणून. उत्तरा वरून ऐकायची. बावीस वर्षांत जे आपोआप झालं होतं, ते आता सांगून करून घ्यावं लागणार होतं, आणि त्यालाही किती वर्षं लागतील कोण जाणे.

त्या रविवारी रामरती दारातून जायला वळली तेव्हा उत्तराने तिला हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि चहा दिला. इतक्या वर्षांत ती या घरात दारापलीकडे पहिल्यांदाच आली होती. बाल्कनीतून सप्तपर्णीचा तो ऑक्टोबरातला जड, डोकं धरणारा वास येत होता. श्रीरंगरावांना तो सहन व्हायचा नाही.

"नौ फोन थे," उत्तरा म्हणाली. "पहिल्याचं तू सांगितलंस. बाकीच्यांत काय बोलले?"

"बहुत कुछ. सब बता दूँ?"

"नहीं." उत्तरा एकदम म्हणाली. इतकी एकदम, की रामरती दचकली. "सब नहीं. एक बताओ. बस एक. बाकी अगली बार."

रामरतीने तिच्याकडे बघितलं, आणि तिला ते समजलं. तिने चहा संपवला आणि दुसरा फोन सांगितला. साहेबांनी त्या दिवशी साताऱ्याची नदी सांगितली होती, आणि लहानपणी शाळेचा एकुलता एक शर्ट तांब्यात निखारे घालून आई कशी सारखा करून द्यायची ते. उत्तराचं लग्न होऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती. निखाऱ्याचा तांब्या तिने कधी ऐकला नव्हता. ती खाली मान घालून ऐकत होती. मध्येच विचारत होती, हे म्हणताना हसले का? किती वेळ हसले? खोकला आला का?

तेव्हापासून रामरती महिन्यातून एका रविवारी येते. एक फोन सांगते, चहा घेते, भावजयीच्या कामाला नावं ठेवते आणि मेट्रोने परत जाते. कधी ती तोच फोन पुन्हा सांगते, आणि त्यात मागच्या वेळी नसलेलं काहीतरी निघतं. उत्तरा तिला थांबवत नाही. एकदा अर्पिता आलेली असताना ती आली. अर्पिताही जमिनीवर बसून ऐकत राहिली, आणि नंतर आईला म्हणाली, "बाबा इतकं बोलायचे?"

नववा फोन सतरा मिनिटांचा आहे. शेवटच्या रविवारचा. रामरतीने दोनदा विचारलं, आता तो सांगू का? उत्तरा दोन्ही वेळा नको म्हणाली. आता रामरती हरदोईला गेली आहे, खरोखरच लग्नाला, होळीनंतर येईल. उत्तरा सकाळी त्यांच्या खुर्चीत बसून चहा घेते. खाली फूलमतीच्या इस्त्रीची कपड्यावरची दबकी थाप ऐकू येत असते, धूर नसतो. त्या सतरा मिनिटांत ते काय बोलले असतील, आपलं नाव निघालं असेल का, याचा ती विचार करते. आणि रामरती लवकर यावी, असं वाटता वाटताच तिला वाटतं, अजून थोडे दिवस नाही आली तरी चालेल.